जीवशास्त्राची पदवी करतेय, विज्ञान शिक्षिका व्हायचंय; पण समजावून सांगता येत नाही

पर्णरंध्र :

नमस्कार. बरेच महिने इथे नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

मी जीवशास्त्र घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे शिक्षक प्रशिक्षण करून शाळेत विज्ञान शिकवायचं, हे आठवीत असल्यापासून मनात पक्कं आहे. वर्गातले बरेच जण संशोधनाकडे वळणार आहेत, मला मात्र शाळेतच जायचंय. मार्कही बरे पडतात, त्यामुळे सगळं मार्गी लागलंय असं धरून चालले होते.

गेल्या रविवारी माझा सातवीतला मावसभाऊ आला होता. खिडकीतून समोरच्या झाडाकडे बघत म्हणाला, "ताई, एवढं मोठं झाड मातीतून वर येतं, तर झाडाखाली खड्डा का पडत नाही?"

आदल्याच आठवड्यात मी केल्व्हिन चक्रावर (प्रकाशसंश्लेषणातला एक टप्पा) दहा मार्कांचं उत्तर लिहून आले होते. रुबिस्को, तीन कार्बनचा रेणू, पुन्हा पाच कार्बनचा, आकृतीसकट. आणि मी त्याला काय सांगितलं? "अरे, झाड मातीतून पोषकद्रव्यं घेतं ना." तो म्हणाला, "तेच तर विचारतोय. मग खड्डा कुठाय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, वहीत होतं. ते त्या झाडाला लावायचं असतं, हेच सुचलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर लख्ख कळलं की झाडाचं लाकूड म्हणजे बहुतांशी हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. मी ज्याची आकृती काढली होती ते हेच होतं.

तेव्हापासून अस्वस्थ आहे. मी जे शिकतेय ते कळलंय की नुसतं पाठ झालंय? शिकवायचं असेल तर पदवीचा अभ्यास वेगळ्या पद्धतीने करायला हवा का? आणि जैवरसायन, रेणवीय जीवशास्त्र यांची एवढी खोली शाळेत लागते तरी का? शिकवणाऱ्यांनी आणि त्या वाटेवर असणाऱ्यांनी मोकळेपणाने लिहा.

निळाई :

अगं, अगदी हेच माझं. मी पहिल्या वर्षाला. वाचतेय.

खडूफळा :

पर्णरंध्र, तुझ्या भावाला माझ्याकडून शाबासकी दे. हाच प्रश्न सतराव्या शतकात यान बाप्टिस्टा व्हान हेल्मोंट या माणसाने विचारला होता. त्याने भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती कुंडीत भरली, त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं १६९ पौंडांच्या वर. माती पुन्हा वाळवून तोलली तर जेमतेम २ औंस कमी! त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनतं. निष्कर्ष अर्धाच बरोबर होता, पण "माती खाऊन झाड वाढतं" ही समजूत त्या तराजूने मोडीत काढली. हे त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापलं गेलं. उजेडाचा भाग १७७९ मध्ये इंगेनहाऊसने दाखवला, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी दोन्ही लागतात हे १८०४ मध्ये द सोसूरने मोजून दाखवलं. बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातला असतो हे तर थेट १९४१ मध्ये, ऑक्सिजनचं जड समस्थानिक वापरून पक्कं झालं.

मी हे सगळं का लिहिलं? तुझा भाऊ १६४८ च्या प्रश्नावर उभा आहे आणि तू त्याला विसाव्या शतकातलं उत्तर देऊ पाहत होतीस. मधल्या पायऱ्या तुझ्याकडे नव्हत्या. शिक्षकाला त्या पायऱ्याच लागतात.

मी २६ वर्षं शाळेत विज्ञान शिकवतेय. मला विचारशील तर पदवीच्या प्रत्येक प्रकरणाला एकच प्रश्न विचारायची सवय लाव : हे कळलं कसं? डीएनए हाच अनुवंशिक पदार्थ, हे कशावरून? पेशीच्या आवरणात मेदाचे दोन थर असतात, हे कुणी आणि कसं ओळखलं? पुस्तकात बहुतेकदा ते एका ओळीत उरकलेलं असतं, परीक्षेत विचारत नाहीत, म्हणून आपण ते सोडून देतो. पण मूल नेमकं तिथेच बोट ठेवतं.

एक माझी चूकही सांगते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी वर्गात बिनदिक्कत सांगायचे, "वाळवंटातल्या झाडांनी पाणी वाचवण्यासाठी पानांचे काटे केले." पदवीला मी नैसर्गिक निवड व्यवस्थित शिकले होते, मार्कही चांगले होते. तरी तोंडातून हेच यायचं, कारण शाळेत मी ते तसं ऐकलं होतं. एके दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, झाडाला कसं कळलं की काटे केले की पाणी वाचेल?" मी तिथल्या तिथे खडू खाली ठेवला. झाडाने काहीच केलेलं नव्हतं. काही झाडांची पानं थोडी अरुंद होती, ती कोरड्या हवेत तगली, त्यांच्या बिया जास्त पडल्या, आणि हे हजारो पिढ्या चाललं. त्या दिवसापासून "साठी" हा शब्द मी जीवशास्त्राच्या तासाला फार जपून वापरते. तूही वापरून बघ, म्हणजे न वापरता बोलून बघ. किती अवघड जातं ते कळेल, आणि उत्क्रांती आपल्याला कितपत समजली आहे तेही कळेल.

सरळरेघ :

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये. मीही शिकवतो. शाळेच्या पुस्तकात जेवढं आहे तेवढं नीट, सोप्या भाषेत सांगता आलं की पुरे. मुलांना रुबिस्को सांगायचा नाहीये. पदवीच्या विषयांत मार्क मिळवा, पदवी हातात घ्या आणि खरी मेहनत प्रशिक्षणाच्या काळात घ्या : पाठ टाचण, फळालेखन, वर्ग सांभाळणं. माझ्या ओळखीत असे लोक आहेत ज्यांना विषय भरपूर येतो, पण पस्तीस मुलं समोर आली की त्यांचा आवाज बसतो. खोलीचा हट्ट धरून हातचा वेळ घालवू नका.

दुर्बीण :

सरळरेघ, वर्ग सांभाळण्याबद्दल पूर्ण सहमत. मी संशोधनातून शाळेत आलो आणि पहिले सहा महिने मला तेच जड गेलं. पण खोली लागत नाही हे मात्र पटत नाही. का ते एका उदाहरणाने सांगतो.

मेंडेलचे वाटाणे सगळे शिकवतात. गोल बी प्रभावी, सुरकुतलेली बी अप्रभावी. दुसऱ्या पिढीत त्याला ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेल्या बिया मिळाल्या, म्हणजे साधारण ३ : १. फळ्यावर चौकट काढली, अक्षरं भरली, तास संपला. माझ्या वर्गात एकाने विचारलं, "सर, गोलच का प्रभावी? गोल जास्त ताकदवान असतं का?" आता शाळेच्या पुस्तकापुरतंच माहीत असलेला शिक्षक काय सांगेल? "असतं तसं" एवढंच. आणि मुलाच्या डोक्यात कायमचं बसेल की प्रभावी म्हणजे जोरदार, चांगलं, किंवा जास्त लोकांत आढळणारं. तिन्ही चूक.

खरी गोष्ट अशी. वाटाण्याच्या दाण्यात साखरेपासून स्टार्च बनतो. स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. सुरकुतलेल्या जातीत त्या विकराच्या जनुकात मध्येच डीएनएचा एक तुकडा घुसलेला आहे, त्यामुळे विकर नीट बनत नाही. फांद्या कमी, म्हणून स्टार्च कमी. स्टार्च कमी, म्हणून साखर तशीच पडून राहते. साखर जास्त, म्हणून परासरणाने (पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे पडद्यातून झिरपतं त्याने) पाणी जास्त आत येतं आणि हिरवा दाणा टम्म फुगतो. मग दाणा वाळतो, पाणी जातं, आणि ताणली गेलेली साल आत बसते. सुरकुती! हे जनुक १९९० मध्ये ओळखलं गेलं. मेंडेलचा निबंध १८६६ चा, म्हणजे १२४ वर्षांनी.

आणि "गोल प्रभावी का"? कारण जनुकाची एक प्रत जरी धड असली तरी दाणा गोल राहण्यापुरतं विकर बनतं. प्रभावी जनुक दुसऱ्याला दाबून वगैरे ठेवत नाही. गंमत पुढे आहे. एक धड आणि एक बिघडलेली प्रत असलेला दाणा बाहेरून गोलच दिसतो, पण त्यातले स्टार्चचे कण मायक्रोस्कोपखाली पाहिले तर ते मधल्याच रूपाचे असतात. म्हणजे दाण्याकडे पाहिलं तर पूर्ण प्रभावी, कणांकडे पाहिलं तर नाही.

बघा, एका सुरकुतीत जैवरसायन आलं, परासरण आलं, अनुवंशशास्त्र आलं, रेणवीय जीवशास्त्र आलं. पदवीला हे चार वेगवेगळे पेपर असतात, चार वेगळ्या लोकांनी शिकवलेले. त्यांना एका दाण्यात आणणं हे शिक्षकाचं काम. त्या मुलाला मी विकराचं नावही सांगितलं नाही. "एक प्रत चालू असली तरी काम भागतं" एवढंच सांगितलं. पण ते एक वाक्य निवडायला मला बाकीचं सगळं माहीत असावं लागलं.

पर्णरंध्र :

दुर्बीणदादा, हे चारही पेपर मी दिलेत. एकदाही जोडून पाहिलं नाही. परासरण आणि मेंडेल यांचा काही संबंध असेल असं स्वप्नातही वाटलं नसतं.

निळाई :

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. विज्ञान शिक्षक म्हणजे भौतिक आणि रसायनही शिकवावं लागणार ना? मी जीवशास्त्र घेतलं तेच मुळी गणिताच्या भीतीने. आता पोटात गोळा येतो.

खडूफळा :

निळाई, घाबरू नकोस. जीवशास्त्राच्या आत भौतिकशास्त्र ठासून भरलेलं आहे, तिथूनच आत शिर.

१ सेंटिमीटर बाजूचा घन घे. पृष्ठफळ ६, घनफळ १. बाजू २ केली की २४ आणि ८, म्हणजे ३ ला १. बाजू ३ केली की ५४ आणि २७, म्हणजे २ ला १. बाजू वाढत जाते तसं आतल्या प्रत्येक भागाच्या वाट्याला येणारं पृष्ठफळ घटत जातं. एवढ्या गुणाकारात किती प्रश्न सुटतात बघ : पेशी लहानच का, फुप्फुसात कोट्यवधी वायुकोश कशाला, आतड्याला आतून मखमलीसारखे उंचवटे का, एवढासा उंदीर ऊब टिकवायला सतत खात का असतो. वर्गात करायचं तर अगरचे (जेलीसारखा घट्ट पदार्थ) तीन आकाराचे घन कर, त्यात फिनॉल्फ्थॅलीन आणि थोडा अल्कली घालून ते गुलाबी कर आणि सौम्य आम्लात टाक. रंग बाहेरून आत उडत जातो. लहान घन पार पांढरा होतो तेव्हा मोठ्याच्या पोटात अजून गुलाबी ठिपका शिल्लक असतो. मुलं तो ठिपका विसरत नाहीत.

डोळा शिकताना भिंग शिक, चेतातंतू शिकताना विद्युतभार शिक, रक्ताचा सामू (पीएच) शिकताना आम्ल-आम्लारी शिक. मी दाब ही कल्पना हृदयावरून शिकले आणि मग पाण्याच्या टाकीवर गेले. बहुतेक लोक उलट जातात. दोन्ही वाटा चालतात.

गणिताला मात्र तोंड द्यावंच लागेल. फार नाही : घातांक, गुणोत्तर, आलेख, संभाव्यता, एवढं पक्कं कर. सोपा सराव देते. माणसाच्या एका पेशीत डीएनएच्या (शिडीच्या पायऱ्यांसारख्या) सुमारे ६.४ अब्ज बेस-जोड्या, दोन जोड्यांतलं अंतर ०.३४ नॅनोमीटर. गुणून बघ.

निळाई :

२.१८ मीटर?? एका पेशीत?

खडूफळा :

हो. आणि तो ज्या केंद्रकात मावतो त्याचा व्यास मिलिमीटरचा शंभरावा हिस्साही नसतो. आता तुला स्वतःलाच विचारावंसं वाटेल की गुंडाळतात कसं. तिथून गुणसूत्रं शिकायला लाग.

प्रयोगवही :

मी शिक्षक नाही, महाविद्यालयाच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे, १९ वर्षं. प्रॅक्टिकलबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

होणारे शिक्षक लॅबमध्ये सगळ्यात जास्त काय चुकवतात? स्वतःच्या हाताने करणं. चौघांच्या गटात एक जण स्लाइड करतो, बाकीचे जर्नलमध्ये आकृती उतरवतात, तीही स्लाइड न बघता. व्हायवाला निभावून जातं. पण उद्या शाळेत तुमच्या हाताखाली असिस्टंट असेलच असं नाही. तिथे तुम्हीच.

कांद्याचा पापुद्रा घेताना तो बोटभर लागत नाही, नखाएवढा पुरतो, आणि पाण्याच्या थेंबात पसरताना घडी पडू द्यायची नाही. कव्हरस्लिप वरून आपटायची नाही. एक कड थेंबाला टेकवायची, तिरकी धरायची आणि सुईच्या आधाराने हळूहळू सोडायची. नाहीतर बुडबुडे. नवशिका माणूस काळ्या जाड कडेचा गोल बघतो आणि "पेशी दिसली" म्हणतो; तो हवेचा बुडबुडा असतो. हे मी दर वर्षी बघतो. आधी कमी शक्तीचं भिंग, त्यात वस्तू मधोमध आणायची, मग जास्त शक्तीचं. मोठं भिंग लावल्यावर जाड स्क्रू फिरवायचा नाही, स्लाइड फुटते आणि भिंगावर चरा पडतो.

मुलांना पहिल्याच दिवशी पेशी दाखवू नका, हे माझं मत. वर्तमानपत्रातला 'अ' कापून स्लाइडवर ठेवा. तो उलटा दिसतो, आणि स्लाइड डावीकडे सरकवली की 'अ' उजवीकडे पळतो. हात आणि डोळा एकमेकांना समजेपर्यंत मूल मायक्रोस्कोपमध्ये काहीच बघत नसतं, ते हो ला हो करत असतं. "दिसलं का?" विचारू नका. "काय दिसलं ते काढून दाखव" म्हणा.

मुळाच्या टोकाची स्लाइड तर जमलीच पाहिजे. टोकाचे फक्त दोन-तीन मिलिमीटर घ्यायचे, विभाजन तिथेच चालू असतं. त्याच्या वरचं घेतलं तर दिवसभर शोधलं तरी सगळ्या पेशी शांत. दाबताना कव्हरस्लिप अंगठ्याखाली घसरली की सगळं वाया. पहिल्या दहा स्लाइड बिघडतात. त्या पदवीच्या काळातच बिघडवून घ्या, लॅब उघडी आहे तोवर.

आणि एक सावधगिरी. पानातला स्टार्च तपासताना हरितद्रव्य काढायला अल्कोहोल गरम करतात. ते कधीही थेट ज्योतीवर ठेवायचं नाही. गरम पाण्याच्या भांड्यात अल्कोहोलची परीक्षानळी ठेवायची, आणि त्या वेळी बर्नर बंद. पाणी आधीच उकळून ठेवायचं. एका ठिकाणी हे न पाळल्यामुळे एका मुलाच्या भुवया जळालेल्या मी पाहिल्या आहेत. डोळे वाचले.

दुर्बीण :

प्रयोगवही, तुमचा प्रतिसाद छापून प्रत्येक लॅबच्या दारावर लावायला हवा. मनापासून सांगतोय.

सरळरेघ :

प्रयोगवहींशी शंभर टक्के सहमत. आणि वाटाण्याचं उदाहरण वाचून मी माझं मत थोडं बदलतो. प्रभावी म्हणजे ताकदवान असंच मी आजवर सांगत आलो, शब्दाने नाही तरी सुराने. यंदा तो पाठ पुन्हा लिहून काढणार. तरीही एक शंका राहतेच. पुस्तकं सारखी बदलतात. मी शिकलो तेव्हा ग्लुकोजच्या एका रेणूपासून ३८ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन), आता म्हणतात ३० ते ३२. मी सजीवांच्या पाच सृष्टी शिकलो, आता तीन अधिक्षेत्रं. एवढी खोली गाठायची आणि दहा वर्षांनी ती खोटी ठरायची, मग मुलांना काय तोंड दाखवायचं?

दुर्बीण :

तेच तोंड दाखवायचं. माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असतात असं १९२३ पासून तीस-बत्तीस वर्षं पाठ्यपुस्तकांत छापलं जात होतं. लोक मायक्रोस्कोपखाली मोजायचे आणि ४८ च मोजायचे, कारण गुणसूत्रं एकमेकांवर चढलेली असायची आणि आकडा डोक्यात आधीच पक्का होता. मग पेशींना पातळ द्रावणात ठेवायची युक्ती सापडली. परासरणाने पाणी आत शिरतं, पेशी फुगते आणि गुणसूत्रं सुटी होऊन पसरतात. १९५६ मध्ये जो हिन त्यो आणि आल्बर्ट लेवान यांनी मोजली, तर ४६.

हे मी नववीला सांगतो तेव्हा वर्ग एकदम गप्प होतो. मग कुणीतरी विचारतंच, "सर, मग आत्ताच्या पुस्तकात पण काही चुकीचं असेल?" मी म्हणतो, असेल, आणि ते शोधायची पद्धत आपल्याकडे आहे. एटीपीच्या आकड्याचंही तसंच सांगा : आधीचा आकडा कागदावरचा हिशोब होता, मग प्रत्यक्षात किती प्रोटॉन लागतात, वाटेत किती गळती होते हे मोजलं, आणि आकडा खाली आला. खडूफळाताईंचा "कळलं कसं" हा प्रश्न इथेच कामी येतो. नुसता आकडा शिकवलेला असेल तर तो बदलल्यावर पंचाईत होते. कसा मोजला हे सांगितलेलं असेल तर पुढचा आकडा मुलंच समजून घेतात.

निळाई :

शब्दांचं काय करता? मी सगळं इंग्रजी संज्ञांत शिकतेय. मराठीत सांगायला गेलं की अडखळते.

खडूफळा :

संज्ञा फोडून बघ. पेशीला ऊर्जा पुरवणारी तंतुकणिका : तंतू अधिक कणिका. मायटोकॉन्ड्रिया हा मूळ ग्रीक शब्दही तसाच, धागा आणि कण. म्हणजे ज्यांनी पहिल्यांदा पाहिलं त्यांना कधी धाग्यासारखं दिसलं, कधी दाण्यासारखं. हरितलवक, पर्णरंध्र, परासरण, सगळे शब्द फोडले की अर्थ सांगतात.

एका ठिकाणी मात्र आपली भाषा दगा देते. श्वास आणि श्वसन. मुलाला दोन्ही एकच वाटतात. नाकाने हवा आतबाहेर करणं हा श्वासोच्छ्वास, आणि पेशीत अन्नापासून ऊर्जा मोकळी होणं हे श्वसन. हे वेगळं केलं नाही की पुढे "झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन करतात" हे वाक्य येतंच. मी ते शिक्षकांच्या तोंडूनही ऐकलंय. झाड चोवीस तास श्वसन करतं. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असतो म्हणून श्वसन झाकलं जातं, एवढंच.

पर्णरंध्र, तुझ्या भावासाठी एक प्रयोग सुचवते. यात माती नाही, म्हणजे खड्ड्याचा प्रश्नच मिटला. मोहरीच्या बियांचे सारख्या वजनाचे तीन भाग कर. एक तसाच कोरडा ठेव. दुसरा ओल्या टिपकागदावर उजेडात रुजव, तिसरा तसाच ओल्या कागदावर पण पूर्ण अंधारात. दहा-बारा दिवसांनी तिन्ही भट्टीत पार वाळवून तोल. वाळवणं महत्त्वाचं, नाहीतर पाण्याचंच वजन मोजशील. आणि तोलायच्या आधी त्याला अंदाज लिहायला लाव. अंदाज लिहिल्याशिवाय तराजूला हात लावू द्यायचा नाही.

प्रयोगवही :

कोरड्या बियाही भट्टीतून काढा. त्यांच्यातही थोडं पाणी असतं. लॅबमधला दोन दशांशांचा तराजू पुरेल. आणि मुळं कागदात घुसतात, ती काढताना तुटू देऊ नका, चिमटा वापरा.

पर्णरंध्र :

आज तेरा दिवसांनी लिहितेय. प्रयोग केला.

तिन्ही भाग २.०० ग्रॅमचे. आमच्या असिस्टंटकाकांनी भट्टी वापरू दिली. भावाने आधी वहीत लिहिलं : उजेडातली सगळ्यात जड, मग अंधारातली, मग कोरड्या बिया. कारण विचारलं तर म्हणाला, "अंधारातली पण वाढलीच ना, उलट जास्त उंच झाली." आणि खरंच, अंधारातली रोपं पिवळट, लांबच लांब, उजेडातल्यांच्या जवळजवळ दुप्पट उंच होती. मला उत्तर माहीत होतं, तरी ती बघून मलाही क्षणभर वाटलं की ही हलकी कशी भरतील?

वाळवल्यावर कोरड्या बिया १.८८ ग्रॅम. उजेडातली २.३१. अंधारातली १.४३.

त्याने तराजू दोनदा शून्यावर आणला. वाटी पुसून पुन्हा ठेवली. मग तिसऱ्यांदा. मी गप्प बसले, आणि ते फार कठीण गेलं. केल्व्हिन चक्र, श्वसनातलं क्रेब्ज चक्र, सगळं जिभेच्या टोकावर होतं, आणि या वेळी ते कशाला लावायचं हेही कळत होतं. उजेडातल्यांना माती नव्हतीच, हे त्याचं त्यानेच म्हटलं. "म्हणजे हवेतून आलं." मग अंधारातली वाटी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला.

"ताई, ही उंच झाली पण बीपेक्षा हलकी. मग जे कमी झालं ते कुठे गेलं?"

मी विचारलं, "तुला काय वाटतं?"

त्याने वाटीवर फुंकर घातली, मग थांबून माझ्याकडे बघितलं. "परत हवेत?"